फ्लुरोसंट नॅनोबीड्स: सिग्नल वाढला, पण ब्लँकही वर आला. काय तपासावं?

रानजाई (पुणे), सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

निदान-किट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी संशोधन विभागात आहे. जिवाणू संसर्गात रक्तात वाढणाऱ्या प्रोकॅल्सिटोनिन या प्रथिनाची आमची सँडविच एलायझा (दोन अँटीबॉडींमध्ये प्रथिन पकडणारी चाचणी) नीट चालते. प्लेटवर पकडणारी अँटीबॉडी, त्यावर सीरम, मग एचआरपी हे एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी, त्याने रंग धरणारं टीएमबी, थांबवायला आम्ल, आणि ४५० नॅनोमीटरवर वाचन. डॉक्टर ०.२५ आणि ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या आकड्यांवर अँटिबायोटिकचा निर्णय घेतात, तिथपर्यंत काही अडचण नाही. पण ०.१ च्या खाली दोन नमुन्यांतला फरक आम्हाला खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून एचआरपीच्या जागी फ्लुरोसंट बीड्स लावून बघायचं ठरलं. बीड्स पॉलिस्टायरिनच्या, १०० नॅनोमीटरच्या, पृष्ठभागावर कार्बोक्सिल गट, आत लाल रंगद्रव्य. ईडीसी हे जोडणारं रसायन वापरून अँटीबॉडी जोडली. सिग्नल भरपूर मिळतो, पण ब्लँकही (प्रोकॅल्सिटोनिन नसलेल्या वेलचा, म्हणजे प्लेटमधल्या खळग्याचा, आकडा) तेवढाच वर येतो, त्यामुळे खालच्या टोकाला काहीच पदरात पडत नाही.

ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा: आधी काय तपासायचं? बीडचा आकार बदलू, रंगद्रव्य बदलू, की युरोपियमच्या (जास्त वेळ चमकणाऱ्या धातुसंयुगाच्या) बीड्सकडे जाऊ?

---

पॉलिमरवाले (डोंबिवली), सोमवार, रात्री १०:५५

रानजाई, उत्तराआधी मणी, म्हणजे तुमची बीड, नेमका काय ते थोडं सांगतो. तुमचे बरेच प्रश्न तिथेच सुटतील.

पॉलिस्टायरिनचे हे मणी पाण्यात वाढवलेले असतात. स्टायरिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यात साबणासारखं द्रव्य आणि पोटॅशियम परसल्फेट घालून नायट्रोजनखाली ७० अंशांच्या आसपास ढवळत ठेवलं की असंख्य ठिकाणी एकाच वेळी साखळ्या वाढू लागतात. सगळ्यांची सुरुवात एकदम झाली तर सगळे जवळपास एकाच मापाचे निघतात. डाऊ केमिकलच्या लेटेक्समध्ये ही एकसारखी मापं १९४७ मध्येच लक्षात आली होती. थोडं ॲक्रिलिक किंवा मेथॅक्रिलिक आम्ल मिसळलं की कार्बोक्सिल गट पृष्ठभागावर येतात, कारण त्यांना पाण्याकडे तोंड करून राहायचं असतं.

रंगद्रव्य बहुधा नंतर भरतात. मण्यांच्या पाण्यात टेट्राहायड्रोफ्युरानसारखं द्रावक घातलं की मणी फुगतो आणि पाण्याला न जुमानणारं रंगद्रव्य आत शिरतं. द्रावक काढून घेतलं की मणी आकसतो आणि रंगद्रव्य आत अडकून पडतं. त्यामुळे पहिला संशय इथे घ्या: रंगद्रव्य खरंच आत आहे, की थोडं बाहेर सुटतंय? मणी सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी १०० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळा आणि त्याची चमक मोजा. ती शून्याजवळ हवी. तुमच्या चाचणीच्या बफरमध्येही हेच करून बघा, कारण ट्वीन (सौम्य साबण) आणि सीरममधली प्रथिनं साध्या पाण्यापेक्षा जास्त रंगद्रव्य ओढून काढतात.

दुसरं, विकत घेतलेल्या मण्यांबरोबर साबण येतो, तो आधी धुवा. नाहीतर अँटीबॉडीला बसायला जागाच उरत नाही. आणि मणी कधीही गोठवू नका. एकदा गोठले की ते गुठळ्या होऊन बसतात, मग सोनिकेटरमध्ये कितीही ठेवा, पूर्ववत होत नाहीत.

जाता जाता एक आठवलं. मोठे, १० मायक्रॉनचे मणी जमिनीवर एकसारखे वाढवणं अवघड, कारण वाढताना ते तळाशी बसतात किंवा वर तरंगतात. म्हणून ते अंतराळयानात बनवले गेले आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने मापाचं प्रमाण म्हणून ते विकायला काढले. तुमच्या १०० नॅनोमीटरच्या मण्याला ही अडचण नाही. १ मायक्रॉनचा मणी पाण्यात दिवसाला अडीच-तीन मिलिमीटर खाली जातो, तुमचा त्याच्या शंभरावा हिस्सा. म्हणजे बाटलीच्या तळाशी साका दिसला तर तो वजनाने बसलेला नाही, मणी एकमेकांना चिकटलेत असं समजा.

---

तुर्कूकर (तुर्कू, फिनलंड), मंगळवार, पहाटे १:२०

पॉलिमरवाले काका, फुगवण्याची पद्धत फार नेमकी सांगितलीत.

रानजाई, एक गोष्ट ठामपणे सांगतो. बीड किती उजळ आहे हा बहुतेक वेळा प्रश्नच नसतो. १०० नॅनोमीटरच्या एका चांगल्या बीडमध्ये फ्लुरोसीनच्या काही हजार रेणूंएवढा प्रकाश असतो. २०० नॅनोमीटरच्या बीडमध्ये तो लाखाच्या घरात जातो. एवढा उजेड असताना तुमची मर्यादा रीडर ठरवत नाही. ज्या बीड नको तिथे चिकटल्या त्या ठरवतात, कारण त्याही तेवढ्याच उजळ असतात.

एचआरपीशी तुलना करताना हे विसरलं जातं. एन्झाइमचा एक रेणूसुद्धा एकामागून एक असंख्य टीएमबी रेणू पालटतो, म्हणजे तिथेही सिग्नल वाढवला जातोच. बीडचा खरा फायदा दुसरा आहे: एका बीडवर अनेक अँटीबॉडी असतात, त्यामुळे तिची पकड सुट्या अँटीबॉडीपेक्षा कितीतरी घट्ट होते. पण तोच गुण उलटतो. बीड प्लेटला किंवा सीरममधल्या एखाद्या प्रथिनाला पाच-सहा कमकुवत ठिकाणी चिकटली, तर त्यातलं एकेक बंधन सुटतं आणि पुन्हा जुळतं, पण सगळी एकदम सुटत नाहीत. सुटी अँटीबॉडी दोन-तीन वॉशमध्ये निघून जाते, बीड तिथेच राहते.

मला तुमच्याकडून चार आकडे हवेत. अँटीबॉडी न लावलेली, फक्त ब्लॉक केलेली (पृष्ठभाग प्रथिनाने झाकलेली) बीड कोट केलेल्या, म्हणजे पकडणारी अँटीबॉडी लावलेल्या, वेलमध्ये किती चिकटते? अँटीबॉडीची बीड फक्त ब्लॉक केलेल्या, पकडणारी अँटीबॉडी नसलेल्या वेलमध्ये किती चिकटते? हेच सगळं बफरमध्ये किती आणि प्रोकॅल्सिटोनिन नसलेल्या सीरममध्ये किती? या चार आकड्यांशिवाय बीड बदलणं म्हणजे अंधारात चाचपडणं आहे.

आणि प्लेट कुठली? एलायझाची पारदर्शक प्लेट वापरत असाल तर शेजारच्या वेलचा प्रकाश गळतो. काळी प्लेट घ्या.

---

जुना_काउंटर (चेंबूर), मंगळवार, सकाळी ७:१५

तुर्कूकर यांनी मागितलेले चार आकडे वाचून बरं वाटलं. माझी नोकरी रेडिओइम्युनोॲसेमध्ये गेली. त्या काळात प्रत्येक रनमध्ये एनएसबीच्या, म्हणजे नको तिथे चिकटणं मोजणाऱ्या, नळ्या असायच्याच. त्यांच्याशिवाय रन कोणी मान्य करत नसे. एकूण काउंट्सची नळी, एनएसबीची नळी, शून्याची नळी, मग स्टँडर्ड, मग रुग्ण. तो क्रम अजून हातात आहे.

रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात इन्शुलिन मोजायला ही पद्धत शोधली. सविस्तर लेख १९६० चा. बर्सन १९७२ मध्ये गेले आणि १९७७ चं नोबेल यॅलोबाईंना मिळालं. आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉइडसाठी या चाचण्यांवर खूप काम झालं, आणि वाशीच्या ब्रिटमधून (किरणोत्सर्ग आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळातून) टी-३, टी-४, टीएसएचचे किट देशभर जायचे. आयोडिन-१२५ चं अर्धायुष्य ६० दिवसांचं, त्यामुळे किटचं वय जेमतेम दोन महिने. डबा उघडायचा त्या दिवशीच तो किती क्षीण झालाय याचा हिशेब करावा लागे.

मोजणी मात्र फार स्वच्छ असायची. माणसाच्या रक्तात स्वतःचं आयोडिन-१२५ नसतं, म्हणून पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. प्रकाशाच्या पद्धतीत तसं नाही. सीरम स्वतः चमकतं, प्लास्टिक चमकतं, नायट्रोसेल्युलोज (स्ट्रिपचा पडदा) चमकतं. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवॉल आणि पर्लमन यांनी एन्झाइमची पद्धत दिली आणि किरणोत्सर्गाची कटकट गेली, हे फार मोठं काम झालं. पण त्या बदलात एनएसबीची वेगळी नळी बऱ्याच प्रयोगशाळांतून हळूहळू नाहीशी झाली, आणि तिच्या जागी नुसता 'ब्लँक' आला. ब्लँक वर का आला हे ब्लँक सांगत नाही, एनएसबीची मांडणी सांगते. मुली, ती परत आण.

---

रानजाई, मंगळवार, दुपारी १:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_काउंटर ताई, एनएसबीचे वेल आजच्या प्लेटपासून घालते.

विचारलेले तपशील देते. आमच्या प्रोटोकॉलमध्ये ईडीसी आणि अँटीबॉडी पीबीएसमध्ये (मीठ असलेल्या बफरमध्ये), ७.४ पीएचला, एकत्रच घालतात. नंतर उरलेली जागा झाकायला १ टक्का बीएसए (एक प्रथिन). प्लेट पारदर्शक, जास्त चिकटणारी, एलायझाचीच. बीड्स २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरने घालतो. अँटीबॉडी किती घालायची याबद्दल आमच्याकडे दोन मतं आहेत, कृपया त्यावरही बोला.

---

पॉलिमरवाले, मंगळवार, दुपारी ३:३०

पीबीएसमध्ये उघडा कार्बोक्सिल मणी टाकू नये.

मणी एकमेकांपासून लांब राहतात ते पृष्ठभागावरच्या ऋण भारामुळे. पीबीएसमधलं मीठ तो भार झाकतं. त्यात ईडीसी नेमक्या त्याच कार्बोक्सिल गटांवर बसून उरलासुरला भारही काढून घेतं. मग मणी एकमेकांजवळ येतात, आणि अँटीबॉडी तिथेच हजर असेल तर ईडीसी दोन मण्यांना तिच्यामार्फत कायमचं बांधून टाकतं. डोळ्यांना द्राव अजूनही दुधासारखा एकजीव दिसतो. डीएलएसवर (प्रकाशाने कणांचं माप काढणाऱ्या यंत्रावर) लावलात तर १०० च्या जागी ३००-४०० नॅनोमीटर दिसेल. अशी गुठळी एखाद्या वेलमध्ये चिकटली की त्या वेलचा आकडा उडतो. दोन समांतर वेलमध्ये न जुळणारे आकडे येतायत का, बघा.

दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा ५० मिलिमोलर एमईएस बफर, पीएच ६ च्या आसपास, मीठ नाही. ईडीसीबरोबर सल्फो-एनएचएस (सक्रिय जागा टिकवणारं रसायन) घाला, साधं एनएचएस नको. सल्फोवर स्वतःचा ऋण भार असतो, त्यामुळे सक्रिय झालेला मणीही सुटा राहतो. पंधरा-वीस मिनिटांनी जादा ईडीसी धुऊन काढा आणि मग सौम्य बफरमध्ये अँटीबॉडी घाला. त्या बफरमध्ये ट्रिस किंवा ग्लायसिन नको, त्यांचे अमाइन गट अँटीबॉडीच्या आधी जागा पकडतात. शेवटी मात्र उरलेल्या जागा बंद करायला ग्लायसिन किंवा इथेनॉलअमाइन मुद्दाम घालायचं.

ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात थंड बाटली उघडली की आत दव धरतं, आणि ओलं ईडीसी हळूहळू निकामी होतं. मग 'मागच्या महिन्यात चाललं, आता का नाही' असे प्रश्न पडतात.

जोडणीआधी, जोडणीनंतर आणि ब्लॉकिंगनंतर, तिन्ही वेळा डीएलएस करा. अँटीबॉडी बसल्यावर माप २०-३० नॅनोमीटरने वाढलं आणि पीडीआय (मापांतली विषमता) ०.१ च्या आसपास राहिला तर काम छान झालं. तुमच्याकडे यंत्र नसेल तर विद्यापीठांच्या उपकरण-केंद्रांत नमुना देऊन करून मिळतं.

---

तुर्कूकर, मंगळवार, रात्री ११:१०

अँटीबॉडी किती, याचा हिशेब कागदावर करता येतो. तो प्रत्येकाने एकदा स्वतः करावा.

पॉलिस्टायरिनची घनता १.०५. त्यावरून १०० नॅनोमीटरच्या बीड्सचा पृष्ठभाग दर ग्रॅमला सुमारे ५७ चौरस मीटर येतो. म्हणजे १ मिलिग्रॅम बीड्सना ५७० चौरस सेंटिमीटर, ए-४ कागदाच्या एका बाजूपेक्षा थोडा कमी. आयजीजीचा (नेहमीच्या अँटीबॉडीचा) एक पूर्ण थर चौरस मीटरला अंदाजे अडीच मिलिग्रॅम धरला तर १ मिलिग्रॅम बीड्सवर १४० मायक्रोग्रॅम अँटीबॉडी मावते. एका बीडवर साधारण ३००. आकार २०० केला की ग्रॅममागे पृष्ठभाग निम्मा होतो, म्हणून जुनं प्रमाण तसंच नव्या आकाराला लावायचं नाही.

पण पूर्ण थर भरणं हे ध्येय नाही. दाटीवाटीत अर्ध्या अँटीबॉडींचे हात बीडकडेच वळलेले असतात किंवा शेजारणीने झाकलेले असतात. शिवाय जितक्या जास्त अँटीबॉडी तितकं नको तिथे धरणंही जास्त. १०, २५, ५०, १०० मायक्रोग्रॅम अशी मालिका करा आणि निवडताना सर्वांत मोठा सिग्नल बघू नका. शून्याचे वीस-एक वेल लावा, त्यांची सरासरी आणि त्यांचं विचलन काढा. सरासरी अधिक १.६४५ पट विचलन ही शून्याची वरची हद्द. सर्वांत कमी स्टँडर्ड या हद्दीच्या किती वर उठतो, त्यावर निवड करा. माझा अंदाज आहे की मधलाच एखादा आकडा जिंकेल.

२०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर बीड्स हे माझ्या मते फार जास्त आहे. इतक्या बीड्समध्ये हजारात एक चिकटली तरी ती प्रोकॅल्सिटोनिनच्या खऱ्या रेणूंना झाकून टाकेल. दहापट कमी करून बघा. सिग्नल पडेल, पण ब्लँक त्याहून जास्त पडेल.

वेळेबद्दलही सांगतो. १०० नॅनोमीटरची बीड द्रावात सुट्या अँटीबॉडीच्या आठ-दहापट हळू फिरते. प्लेट स्थिर ठेवली तर बऱ्याच बीड्स तळापर्यंत पोहोचतच नाहीत. शेकर हवाच, आणि एलायझाची तीस मिनिटं इथे पुरणार नाहीत.

---

गावचा_पॅथॉलॉजिस्ट (सातारा जिल्हा), बुधवार, सकाळी ८:५०

मी या बीड्स बनवत नाही, पण रोज वापरतो, म्हणून वापरणाऱ्याची बाजू मांडतो.

माझ्या लॅबमध्ये लहान फ्लुरोसंट रीडर आहे. स्ट्रिप घालायची, ठराविक मिनिटांनी आकडा येतो. डी-डायमर, ट्रोपोनिन, प्रोकॅल्सिटोनिन, टीएसएच. कोविडनंतर तालुक्याच्या गावांतही ही यंत्रं आली आणि त्याने खरोखर फरक पडला. छातीत दुखणाऱ्या माणसाचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून संध्याकाळची वाट बघावी लागत नाही. त्याआधी वर्षानुवर्षं आम्ही आरए, सीआरपी, एएसओ या चाचण्या काचपट्टीवर करायचो. एक थेंब सीरम, एक थेंब लेटेक्स, हलवायचं आणि कण दिसतात का बघायचं. ते लेटेक्स म्हणजे हेच पॉलिस्टायरिनचे मणी, फक्त रंगाविना. १९५६ पासूनची पद्धत ती, सिंगर आणि प्लॉट्झ यांची.

किट बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की संवेदनशीलता जिथे लागते तिथेच तिच्यामागे लागा. सीआरपी मिलिग्रॅममध्ये मोजतात, तिथे बीडच्या उजेडाचं काही कौतुक नाही. तिथे उलटी भीती असते: इतकं सीआरपी की पकडणारी आणि दाखवणारी, दोन्ही अँटीबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, सँडविचच होत नाही, आणि फार आजारी माणसाचा आकडा कमी येतो. हुक इफेक्ट. ट्रोपोनिन आणि टीएसएचला मात्र खालचं टोक हवंच.

आणखी दोन गोष्टी. संधिवाताच्या रुग्णांत रुमॅटॉइड फॅक्टर (अँटीबॉडींनाच धरणारी अँटीबॉडी) असतो, तो तुमच्या दोन अँटीबॉडींना परस्पर जोडतो आणि अँटिजेन नसतानाही सिग्नल देतो. तुमची चाचणी फक्त निरोगी रक्तदात्यांच्या सीरमवर बसवू नका, माझ्यासारख्यांकडे येतात तसे नमुने घ्या. आणि उन्हाळ्यात खोली ३८-४० अंशांवर जाते, वीज गेली की एसी बंद. १५ ते ३० अंशांत वापरा असं डब्यावर लिहिलेलं असतं. मी ते पाळतो, पण सगळ्यांना पाळणं शक्य होत नाही. किट त्या तापमानाला तपासून बाहेर काढा.

---

रेणूरंग (बेंगळुरू), बुधवार, सकाळी ११:३०

पॉलिस्टायरिनमध्ये रंगद्रव्य भरण्याची पद्धत आता मागे पडायला हवी, असं मला वाटतं. त्यात एक मूलभूत अडचण आहे. रंगद्रव्याचे रेणू दाटीने बसले की एकमेकांची ऊर्जा खातात. दुप्पट भरलं म्हणून दुप्पट उजेड मिळत नाही, एका मर्यादेनंतर तो घटतो. उलट वागणारे रेणू आहेत: विरळ असताना अंधारे, एकत्र आले की चमकणारे. हाँगकाँगमध्ये बेन झोंग तांग यांच्या गटाने २००१ मध्ये ते दाखवले. तसंच पॉलिमर डॉट्स, ज्यात साखळी स्वतःच चमकते, बाहेरून काही भरायला नको आणि गळायचाही प्रश्न नाही. क्वांटम डॉट्सना (चमकणाऱ्या अर्धवाहक नॅनोकणांना) तर २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रानजाई, नव्याने सुरुवात करताय तर यांचा विचार का नाही?

---

तुर्कूकर, बुधवार, दुपारी ४:४५

रेणूरंग, दाटीचा मुद्दा अगदी बरोबर. पण त्याचं एक जुनं उत्तर माझ्या आताच्या गावात तयार झालं आहे, म्हणून थोडं जास्त लिहितो.

युरोपियमचं संयुग ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश घेतं आणि ६१५ ला लाल प्रकाश देतं. घेणं आणि देणं यांत इतकं अंतर असल्यामुळे शेजारचा रेणू तो प्रकाश गिळत नाही, म्हणून ते दाटीने भरता येतं. तुर्कूच्या संशोधकांनी २००१ मध्ये पीएसएच्या (प्रोस्टेटच्या प्रथिनाच्या) चाचणीसाठी वापरलेल्या १०७ नॅनोमीटरच्या बीडमध्ये ३०,००० हून जास्त युरोपियम संयुगं होती. पाण्याच्या रेणूंमुळे युरोपियमची चमक विझते, पण पॉलिस्टायरिनच्या आत पाणी पोहोचत नाही. इथे पॉलिमर नुसतं भांडं नाही, ते संरक्षणही करतं.

आणि वेळ. सीरमची, प्लास्टिकची स्वतःची चमक नॅनोसेकंदांत संपते. युरोपियम शेकडो मायक्रोसेकंद चमकत राहतं. प्रकाशाचा झोत द्या, ४०० मायक्रोसेकंद थांबा, मग मोजा. तोवर बाकी सगळं विझलेलं असतं. जुना_काउंटर ताईंनी सांगितलेली ती स्वच्छ पार्श्वभूमी प्रकाशाच्या पद्धतीत अशी मिळते.

तरीही रानजाई, आत्ता युरोपियमकडे जाऊ नका. वेळ लावून मोजण्याने सीरमची चमक जाते, चिकटलेली बीड जात नाही. ती युरोपियमची असली तर ४०० मायक्रोसेकंदांनंतरही तिथेच चमकत असते. तुमची अडचण पृष्ठभागाची आहे. क्वांटम डॉट्स, पॉलिमर डॉट्स, काहीही आणलंत तरी बाहेरचं आवरण नीट बसेपर्यंत हाच ब्लँक तुमच्याबरोबर येईल. शिवाय नेहमीच्या क्वांटम डॉट्समध्ये कॅडमियम असतं, त्याच्या विल्हेवाटीचा विचार किट बनवणाऱ्याने सुरुवातीलाच करायला हवा.

---

दूधप्रयोग (सांगली), बुधवार, रात्री ८:२०

सगळी चर्चा सँडविचची चालली आहे, म्हणून आमची बाजू सांगतो. इथे गणित उलटं आहे.

आम्ही दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम-१ तपासतो. बुरशी लागलेली सरकी किंवा शेंगदाणा पेंड जनावराने खाल्ली की त्यातलं बी-१ शरीरात बदलून एम-१ म्हणून दुधात उतरतं. आपल्याकडे मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपात त्याच्या दहावा भाग, ०.०५. हा रेणू इतका लहान की त्यावर एका वेळी दोन अँटीबॉडी बसतच नाहीत, म्हणून सँडविच होत नाही. स्ट्रिपवरच्या रेषेत अफ्लाटॉक्सिन आधीच बसवलेलं असतं. दुधात विष नसेल तर बीड रेषेला धरते आणि रेषा उजळते. विष असेल तर बीडवरच्या अँटीबॉडी आधीच भरलेल्या असतात, रेषा फिकी पडते.

अशा चाचणीत बीडवर ३०० अँटीबॉडी असतील तर पन्नास भरल्या तरी उरलेल्या अडीचशे रेषेला धरायला पुरेशा असतात, रेषा फिकी पडणारच नाही. म्हणून आम्हाला बीडवर कमीत कमी अँटीबॉडी लागतात, रेषा वाचता येईल इतक्याच. ०.५ वरून ०.०५ वर जायचं तर पहिला उपाय हाच. आणि दूध आधी थंड सेंट्रिफ्यूज करून वरची साय काढतो. स्निग्धांशाचे गोळे पडद्यावर वाट अडवतात.

---

रानजाई, शनिवार, संध्याकाळी ६:३०

आठवडाभराचे निकाल सांगते.

गाळलेल्या पाण्यात चमक नाही, म्हणजे रंगद्रव्य सुटत नाही. जुन्या जोडणीच्या बीड्स डीएलएसवर ३०० च्या वर होत्या. एमईएस आणि सल्फो-एनएचएसने केलेल्या १३० च्या आसपास, पीडीआय ०.१ च्या खाली. समांतर वेल आता जुळतायत.

काळी प्लेट आणि दहापट कमी बीड्स घेतल्यावर ब्लँक बराच खाली आला. सगळ्या मांडण्यांत आता एकच वर दिसते: अँटीबॉडीची बीड, कोट केलेला वेल, आणि सीरम. तीच मांडणी बफरमध्ये केली तर खाली. अँटीबॉडी नसलेली बीड सगळीकडे खाली. म्हणजे प्लेट निर्दोष, बीडही निर्दोष, सीरममधलं काहीतरी दोन्ही अँटीबॉडींना जोडतंय, असं मी समजते. बरोबर का?

आणि एक वेगळा प्रश्न. धुतलेल्या बीड्सचं पाणी आम्ही बाटलीत साठवतोय. त्यात ०.१ टक्का सोडियम ॲझाइड आहे. सिंकमध्ये ओतलं तर चालेल का?

---

जुना_काउंटर, शनिवार, रात्री ९:१०

बरोबर समजलीस. दोन्ही अँटीबॉडी उंदराच्या असतील तर काही माणसांच्या सीरममध्ये उंदराच्या आयजीजीला धरणाऱ्या अँटीबॉडी असतात, त्यांचं हे काम. चाचणीच्या बफरमध्ये साधं उंदराचं आयजीजी जास्त प्रमाणात घाल. त्या अँटीबॉडी त्यालाच धरून बसतील आणि तुझ्या दोघी मोकळ्या राहतील. वर डॉक्टरांनी लिहिलेल्या रुमॅटॉइड फॅक्टरसाठी मात्र एवढं पुरेलच असं नाही. बीडवर अख्ख्या अँटीबॉडीऐवजी तिचा फॅब तुकडा (नुसता धरणारा हात) लावून बघ. फॅक्टर जिथे धरतो तो एफसी भाग त्यात नसतो. वेगवेगळ्या रुग्णांची सीरम घे, एकत्र मिसळलेलं घेऊ नकोस. मिसळलं की त्रास देणारा एखादा नमुना इतरांत हरवून जातो.

---

पॉलिमरवाले, शनिवार, रात्री १०:००

सिंकमध्ये अजिबात नाही. ॲझाइड तांब्याच्या आणि शिशाच्या नळ्यांत साचून धातूंचे ॲझाइड बनतात, आणि ते धक्क्यानेही स्फोट पावतात. त्यात आम्लही मिसळू नका, विषारी हायड्राझोइक आम्लाची वाफ निघते. एलायझा थांबवलेलं आम्ल आणि हे पाणी एकाच बाटलीत जात असेल तर आजपासून दोन बाटल्या करा आणि वर ठळक नाव लिहा. दोन्ही बाटल्या घातक रासायनिक कचऱ्यात द्यायच्या.

आणि ॲझाइड असलेल्या बीड्स एचआरपीच्या प्लेटजवळ नेऊ नका. ॲझाइड त्या एन्झाइमला बंद पाडतं. दोन्ही पद्धती समांतर चालवत असाल तर वॉशरच्या नळ्या मधे नीट धुऊन घ्या, नाहीतर एलायझाचा आकडा कमी येईल.

---

रानजाई, रविवार, सकाळी १०:२५

बाटल्या वेगळ्या केल्या, वॉशरसाठीही सूचना लावली. उंदराचं आयजीजी सोमवारी मागवते, फॅब तुकडे करायला पपेन एन्झाइमची पद्धत वापरू की तयार घेऊ, यावर कोणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा.